एक पाठमोरी, एक सामोरी

चेन्नईत अड्यार नदी समुद्राला मिळते, तिथे काठाने गवत माजते. पाऊस सरला की गवताला तुरे येतात आणि त्या तुऱ्यांवर इवल्या पक्ष्यांचे थवे उतरतात. कुणी दुर्बीण लावून उभे दिसले की फिरायला आलेली माणसे घटकाभर थांबतात, बोट दाखवतात आणि विचारतात, ‘ती ठिपक्यांची आणि ती काळपट, दोन्ही एकच ना? एक नर असेल, एक मादी?’

हाच प्रश्न कोकणात भातखाचराच्या बांधावर विचारला जातो आणि पुण्यातल्या टेकडीवरही. या प्रकरणात त्याचे उत्तर शोधू. ठिपक्यांची ती ठिपकेदार मनोली. काळपट ती पांढऱ्या पाठीची मनोली. मनोलीला बरेच जण मुनिया म्हणतात. नाव कोणतेही घ्या, पक्षी तेच.

१. काळा नर, ठिपक्यांची मादी

हा प्रश्न सुचतो याला कारण आहे. आपल्या ओळखीचा कोकीळ बघा. नर काळाकुळकुळीत, मादी तपकिरी आणि अंगभर पांढऱ्या ठिपक्यांची. चिमणा-चिमणी वेगळे, दयाळाचा नर काळा-पांढरा आणि मादी राखाडी, शिंजीर नर झळाळता आणि मादी साधी. लहानपणापासून हेच पाहिलेले असल्यामुळे एका गवतात एक काळपट आणि एक ठिपक्यांचा पक्षी दिसला की मन लगेच त्यांचे लग्न लावून टाकते.

मनोल्यांच्या बाबतीत ही सवय फसते. ठिपकेदार मनोलीत नर आणि मादी दिसायला सारखेच. पांढऱ्या पाठीच्या मनोलीतही तसेच. नुसत्या डोळ्याला दोघांत फरक सापडत नाही. नर कोणता ते कळते फक्त गाण्यावरून, कारण गातो तो नरच. खात्री करायची सोपी जागा म्हणजे घरटे. दोन्ही जातींचे घरटे गवताच्या पात्यांचा गोल गोळा असतो, बाजूने आत जायला वाट. त्या वाटेने आळीपाळीने आत-बाहेर करणारी जोडी पाहिली तर ठिपकेदार मनोलीबरोबर ठिपकेदारच दिसेल आणि पांढऱ्या पाठीबरोबर पांढरी पाठच.

‘जात’ या शब्दाचा पक्षिशास्त्रातला अर्थ इथेच हाताशी येतो. जे पक्षी मोकळ्या रानात आपसात जोड्या जुळवतात, आणि ज्यांची पिल्ले मोठी होऊन पुन्हा त्यांच्यातच जोड्या जुळवतात, ते एका जातीचे. ‘मोकळ्या रानात’ हे शब्द लक्षात असू द्या. पिंजऱ्यात आपल्या जातीचा जोडीदार मिळाला नाही तर मनोल्या परजातीशीही जोडी जमवतात आणि संकरित पिल्ले होतात. म्हणजे या दोघींमधली भिंत काही दगडी नाही. ती रानात कशामुळे टिकते, हा खरा मजेचा भाग आहे. तिकडे आपण शेवटी येऊ.

२. हजेरीपटातले आडनाव

शाळेच्या हजेरीपटात आडनाव आधी आणि नाव नंतर असायचे. शास्त्रीय नाव तसेच लिहितात. ठिपकेदार मनोली म्हणजे लोंचुरा पंक्च्युलाटा, पांढऱ्या पाठीची लोंचुरा स्ट्रायाटा. पंक्च्युलाटा म्हणजे बारीक ठिपक्यांची, स्ट्रायाटा म्हणजे रेघांची. दोन्ही जातींना शास्त्रीय नाव दिले ते स्वीडनच्या लिनियसने, पहिलीला १७५८ साली आणि दुसरीला १७६६ साली. पहिला शब्द दोघींचा सारखा, म्हणजे आडनाव एक. शास्त्रात या आडनावाला प्रजाती म्हणतात. एका आडनावाच्या असल्या तरी या सख्ख्या बहिणी नव्हेत, चुलत बहिणी समजा.

हे आडनाव मात्र लिनियसने दिलेले नाही. ते आपल्या महाराष्ट्रातल्या कामातून आले. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सरकारचा अधिकारी १८२४ पासून दख्खनची मोजदाद करत गावोगाव हिंडत होता. लोकसंख्या, पिके, बाजारभाव यांच्याबरोबर तो पक्षीही टिपत गेला. १८३२ साली त्याने दख्खनच्या दोनशेहून अधिक पक्ष्यांची यादी लंडनला प्रसिद्ध केली आणि तीत ‘लोंचुरा’ ही प्रजाती मांडली. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ भाल्याच्या पात्यासारखी शेपटी असलेला. आज अड्यारला, जावाला किंवा तैवानला कुणी या पक्ष्याचे नाव लिहितो तेव्हा पहिला शब्द दख्खनच्या त्या यादीतला असतो. मराठी वाचकाला ही गोष्ट ठाऊक असायला हवी असे मला मनापासून वाटते.

इंग्रजी पुस्तकांत मनोल्यांना फिंच म्हटलेले आढळते. त्यामुळे डार्विनचे फिंच आणि हे एकच का, असेही लोक विचारतात. फिंच हा शब्द आपल्या ‘चिमणी’सारखा सैल वापरला गेला आहे. दाणे फोडणारी जाड, शंकूसारखी चोच दिसली की युरोपी प्रवासी ‘फिंच’ म्हणून मोकळे होत. प्रत्यक्षात युरोपातले खरे फिंच एका कुळातले आणि आपल्या मनोल्या दुसऱ्याच, इस्ट्रिल्डिडी नावाच्या कुळातल्या. या कुळाची जवळीक सुगरणीच्या कुळाशी आहे. गालापागोस बेटांवर १८३५ साली डार्विनने पाहिलेले ‘फिंच’ तिसऱ्याच कुळातले, टॅनेजर पक्ष्यांचे आप्त आहेत. चोच सारखी दिसते कारण काम सारखे. सांडशी लोहाराची असो की सोनाराची, धरायचे काम आले की आकार तोच येतो.

३. समोरून आणि मागून

आता प्रत्यक्ष ओळख. दोघीही साधारण अकरा-बारा सेंटिमीटरच्या, म्हणजे चिमणीहूनही लहान. वजन जेमतेम दोन-तीन चहाचे चमचे साखरेइतके.

ठिपकेदार मनोलीचा गळा आणि चेहरा गडद तांबूस-तपकिरी, पाठ तपकिरी, चोच काळपट. तिची खरी ओळख छाती-पोटावर आहे. पांढऱ्या पिसांच्या प्रत्येक कडेला तपकिरी रेघ असते, त्यामुळे माशाचे खवले एकावर एक बसवल्यासारखी नक्षी दिसते. लांबून ते ठिपके वाटतात, जवळून खवले.

पांढऱ्या पाठीच्या मनोलीची छाती आणि गळा जवळजवळ काळा. दक्षिण भारतात दिसणाऱ्या पक्ष्यांत पोट एकदम पांढरे असते आणि काळ्या छातीखाली ते धुतलेल्या धोतरासारखे उठून दिसते. चोच निळसर राखाडी, वरची पाती जास्त गडद. पाठीवर फिकट बारीक रेघा असतात. लिनियसच्या ‘रेघांची’ या नावाचे मूळ त्यात आहे, पण त्या दिसायला पक्षी फारच जवळ हवा. सहज दिसते ती कमरेवरची, शेपटीच्या मुळाशी असलेली पांढरी पट्टी. बसलेली असताना पंख मिटून ती झाकते. उडाली की लख्ख दिसते.

म्हणून नवशिक्यांना मी एकच गोष्ट सांगतो. ठिपकेदार मनोली तुमच्याकडे तोंड करून बसली की कळते, पांढऱ्या पाठीची मनोली तुमच्याकडे पाठ करून उडाली की कळते. पक्षी उडाला म्हणून हळहळू नका. दुसरीची ओळख पटायची वेळ तीच असते.

नावे ठेवणाऱ्यांनाही हेच जाणवले असावे. तमिळमध्ये मनोलीला सिल्लै म्हणतात. ठिपकेदार ती पुळ्ळि सिल्लै, पुळ्ळि म्हणजे ठिपका. दुसरी वेण्मुदुगु सिल्लै, म्हणजे पांढऱ्या पाठीची. जपानी नाव आहे कोशिजिरो-किंपारा आणि त्यातल्या कोशिजिरोचा अर्थ पांढरी कंबर. तीन भाषांतल्या माणसांनी त्या पाठमोऱ्या पक्ष्याकडे पाहिले आणि तिघांना तीच खूण नावाजोगी वाटली.

एक सावधगिरी. ठिपकेदार मनोलीच्या पिल्लांना खवले नसतात. ती सबंध मातकट असतात. अड्यारच्या पाणथळ लव्हाळ्यांत काळ्या डोक्याची मनोली ही तिसरी चुलत बहीणही येते आणि तिची पिल्लेही मातकटच. अशी दोन मातकट पिल्ले शेजारी बसली की अनुभवी माणसेही वहीत नुसते ‘मनोलीचे पिल्लू’ लिहितात. यात कमीपणा मानू नये. न पटलेली ओळख पटली म्हणून लिहिण्यापेक्षा ते फार बरे.

४. सावली आणि ऊन

रूपाइतकीच जागाही बोलते, आणि त्यासाठी अड्यारसारखे ठिकाण शोधून सापडणार नाही. थिऑसॉफिकल सोसायटी ही संस्था १८७९ पासून मुंबईत होती. १८८२ च्या अखेरीस मॅडम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट यांनी तिचे बिऱ्हाड मुंबईहून अड्यारच्या दक्षिण काठावर हलवले. पुढे ती जागा वाढत अडीचशे एकरांच्या पलीकडे गेली. तिथला शेकडो वर्षांचा वड प्रसिद्ध आहे. त्याचे मूळ खोड १९८९ च्या वादळात पडले, तरी पारंब्यांचे जंगल उभे आहे. भोवती आंबा, महोगनी, झुडपे आणि दाट सावली. त्या सावलीतून पाचेक मिनिटे चालले की नदीमुखाचा उघडा काठ, वाळू, गवत आणि समुद्राचा वारा.

ठिपकेदार मनोली उघड्यावरची. गवताळ पट्टा, शेत, पडीक जमीन, शहरातला मोकळा प्लॉट, जिथे तुरा आहे तिथे ती. थवा कधी पन्नासाचा, कधी शंभराचा. पांढऱ्या पाठीची मनोली झाडोऱ्याच्या कडेची. झुडपात बसायचे, कडेच्या गवतावर उतरायचे, खट्ट झाले की पुन्हा झुडपात. तिचे थवे बहुधा लहान, पाच-दहा जणींचे. म्हणून वडाकडच्या वाटेवर झुडपात हालचाल दिसली तर आधी पांढरी पाठ आठवावी आणि नदीकाठच्या तुऱ्यावर थवा दिसला तर आधी खवले.

महाराष्ट्रातही हीच रेघ दिसते, फक्त मोठ्या प्रमाणावर. ठिपकेदार मनोली राज्यभर आहे. पांढऱ्या पाठीची भेटते ती कोकणात आणि सह्याद्रीच्या ओल्या, झाडीच्या भागात. मराठवाड्यातल्या वाचकाला अंगणात साधी, फिकट, पांढऱ्या गळ्याची मनोली दिसत असेल तर ती आणखी वेगळी. तिचे आडनावही निराळे आहे.

पावसाचे गणितही ध्यानात ठेवावे. मनोल्यांची वीण पावसाशी बांधलेली असते, कारण घरट्याला हिरवे पाते लागते आणि पिल्लांना कोवळे दाणे. आपल्याकडे ते दिवस जूनपासून सुरू होतात. चेन्नईत मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. गवताचे पंचांगच तिथे पुढे सरकलेले. पुण्याचा पक्षिमित्र तिथे जाऊन आपल्या महिन्यांवर विसंबला तर चुकतो.

५. थव्यात राहायचे कशासाठी?

उन्हातली आणि सावलीतली, दोघी आपापल्या जागी राहत्या तर गोष्ट इथे संपली असती. पण झाडोऱ्याच्या कडेला, जिथे ऊन-सावली मिसळते, तिथे दोघी एका थव्यात दिसतात. का?

पहिले कारण शिक्रा हा शिकारी पक्षी. दहा पक्ष्यांचे वीस डोळे असतात आणि त्यातले दोन वर लागले तरी सगळे सुटतात. डोळे कुणाच्या जातीचे, याने काही बिघडत नाही. दुसरे कारण दाणे. एकाला दाण्यांचा पुंजका सापडला की बाकीच्यांनाही सापडतो.

या दुसऱ्या कारणाचा अभ्यास कॅनडात ल्यूक-अलँ जिराल्दो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला, आणि त्यासाठी निवडला पक्षी आपली ठिपकेदार मनोलीच. थव्यात दोन रीती असतात. काही पक्षी स्वतः शोधतात, काही शोधणाऱ्यावर नजर ठेवून वाटा घ्यायला धावतात. पहिल्यांना शोधे म्हणू, दुसऱ्यांना वाटेकरी. एक छोटे उदाहरण करून पाहू. आकडे समजायला सोपे म्हणून मी घेतले आहेत.

थवा दहाचा. प्रत्येक शोध्याला तासात एक पुंजका सापडतो, त्यात दहा दाणे. इतर पोहोचेपर्यंत शोध्या चार खाऊन घेतो. उरलेले सहा त्याच्यात आणि सगळ्या वाटेकऱ्यांत सारखे वाटले जातात. समजा नऊ शोधे आणि एक वाटेकरी. प्रत्येक पुंजक्यात वाटेकऱ्याला तीन दाणे, नऊ पुंजक्यांचे सत्तावीस. शोध्याला चार अधिक तीन, सातच. साहजिकच वाटेकरी होणे फायद्याचे. आता दोन शोधे आणि आठ वाटेकरी. सहा दाण्यांचे नऊ भाग, वाट्याला पाऊण दाणाही नाही. दोन पुंजके मिळून वाटेकऱ्याला दीड दाणासुद्धा होत नाही, शोध्याला मात्र साडेचारच्या वर. आता शोधणेच बरे. पाच आणि पाच असले तर? सहा दाण्यांचे सहा भाग, एकेक. वाटेकऱ्याला पाच पुंजक्यांचे पाच, शोध्याला चार अधिक एक, पाच. दोघांना सारखेच. बाजू बदलून कुणाचा फारसा फायदा नाही, म्हणून थवा त्याच्या आसपास स्थिरावतो. खऱ्या मनोल्यांच्या थव्यांतही प्रमाण असेच जमून येते आणि परिस्थिती बदलली की तेही बदलते, हे जिराल्दो आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत दिसले.

कोण शोध्या आणि कोण वाटेकरी, हे आपल्यालाही ओळखता येते. जमिनीवर मान खाली घालून टुणटुणत जाणारी मनोली शोधते आहे. मान वर ठेवून टुणटुणणारी शेजारणींवर लक्ष ठेवून आहे. ही खूणही याच अभ्यासातून, २००१ साली मांडली गेली. जमिनीवर उतरलेला थवा दिसला की मी आता आधी माना बघतो.

६. शेजारीण असली की गाणे साधे

मिश्र थव्याने पोट भरते, जीव वाचतो. अडचण येते जोडीदार निवडताना. आकाराने सारख्या, चोचीने सारख्या, आडनावाने एक अशा दोघी रोज शेजारी बसतात. मादीला आपल्या जातीचा नर चुकता कामा नये. रंग आहेच, पण पानांआड रंग नेहमी दिसत नाही. गाणे ऐकू येते.

याबद्दल सगळ्यात सुंदर माहिती जपानच्या काझुओ ओकानोया यांच्या संशोधनातून मिळाली. पांढऱ्या पाठीच्या मनोलीला अडीचशे वर्षांपूर्वी चीनमधून जपानात नेऊन पाळीव केले गेले. जपानी लोक त्या पाळीव पक्ष्याला जुशिमात्सु म्हणतात, इंग्रजीत तो बेंगालीज फिंच. पुण्या-मुंबईच्या पक्षी-दुकानांत पांढरे-तपकिरी चट्ट्यांचे ‘बेंगाली फिंच’ मिळतात, ते हेच. (रानातल्या भारतीय मनोल्या पकडणे आणि विकणे मात्र गुन्हा आहे. अंगाला रंग फासून कुणी त्या ‘परदेशी’ म्हणून विकायला आणल्या तरी त्या आपल्याच.) जपानी पाळणाऱ्यांनी पक्षी निवडले ते पांढऱ्या पिसांसाठी आणि पिल्ले नीट वाढवण्याच्या गुणासाठी. गाण्याकडे त्यांचे लक्ष नव्हते. तरी गाणे बदलले. रानातला नर आपले स्वर ठरलेल्या क्रमाने म्हणतो, मुलाने बेचा पाढा म्हणावा तसा, दर वेळी तोच. पाळीव नर त्याच स्वरांचे तुकडे मागे-पुढे करतो, एका तुकड्यावरून कधी इकडे वळतो, कधी तिकडे.

पिल्लांची अदलाबदलही करून पाहिली. रानातल्या जातीच्या पिल्लांनी स्वतःच्या प्रकारच्या नराचे गाणे हुबेहूब उचलले, पाळीव पालकाचे तितके नेमके जमले नाही. पाळीव पिल्लांनी दोन्ही गाणी सारखीच, मध्यम नेमकेपणाने शिकली. म्हणजे ‘आपले’ गाणे ओळखायचा जो काटेकोरपणा रानात लागतो, तो पिंजऱ्यात सैल पडला.

मग ओकानोया आणि सहकारी तैवानला गेले, कारण तिथे या दोन्ही मनोल्या रानात आहेत. वेगवेगळ्या ठिकाणच्या पांढऱ्या पाठीच्या नरांची गाणी त्यांनी ध्वनिमुद्रित केली आणि तिथल्या थव्यांत ठिपकेदार मनोल्या किती मिसळतात ते मोजले. २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. जिथे ठिपकेदार शेजारणी जास्त मिसळतात, तिथे पांढऱ्या पाठीच्या नराचे गाणे अधिक साधे, अधिक ठरीव. जिथे त्या कमी, तिथे गाण्यात वळणे जास्त.

चाळीत एकाच जिन्यावर दोन कुलकर्णी राहत असतील तर घरचा माणूस दार वाजवताना ठरलेलीच खूण वाजवतो, दोन थापा आणि एक टिचकी. त्यात हौसेने बदल केला तर आतल्यांना कळणार नाही आणि दार उघडणार नाही. आसपास दुसरा कुलकर्णीच नसेल तर कसेही वाजवा. पिंजऱ्यातल्या नराला दुसरा कुलकर्णी कधी भेटलाच नाही. पहिल्या भागात विचारलेली भिंत रानात टिकते, त्यामागे अशा नेमक्या थापा आहेत.

म्हणजे पांढऱ्या पाठीच्या मनोलीचे गाणे समजायचे तर ठिपकेदार मनोली जवळपास आहे का, हे आधी पाहावे लागते. पक्ष्याचे वर्णन करताना शेजाऱ्याचाही उल्लेख हवा, हे मी यातून शिकलो.

अड्यारला हे गाणे ऐकायचे असेल तर फार जवळ जावे लागेल. ठिपकेदार नराचे तर इतके हळू असते, की कधी कधी चोच हलताना दिसते, गळ्याची पिसे थरथरतात आणि आपल्याला फक्त वारा ऐकू येतो. अशा वेळी गाणाऱ्याच्या शेजारी पाहा. थव्यातली दुसरी मनोली सरकत सरकत त्याला खेटून येते, मान लांब करते, डोके त्याच्या चोचीपाशी नेते आणि गाणे संपेपर्यंत तशीच राहते. मॉयनिहन आणि हॉल या अभ्यासकांनी १९५४ साली पिंजऱ्यातल्या ठिपकेदार मनोल्यांमध्ये हे वागणे तपशिलाने नोंदवले. ऐकायला येणारी दर वेळी मादीच असते असेही नाही, नरही येतात. नंतर ती मान आखडून घेते, दोघे तुऱ्यावर परततात आणि दाणे फोडल्याची बारीक कटकट पुन्हा सुरू होते.